चोराचा कैवार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. जमिनीच्या एका बांधापायी दोन पिढ्यांची कमाई वकिलाच्या आणि कारकुनाच्या खिशात गेलेली त्यांनी पाहिली होती. परंतु पायरी चढावी की न चढावी, ही निवड फिर्यादीला असते. आरोपीला ती नसते. पोलीस दाराशी आले, नाव पुकारले गेले, की शहाण्यालाही ती पायरी चढावीच लागते.

आज आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांवर असे प्रसंग पूर्वीपेक्षा अधिक येऊ लागले आहेत. शहरात घरकाम करणाऱ्या बाईवर मालकिणीच्या सोनसाखळीचा आळ येतो. पतपेढीच्या कारकुनाच्या हिशेबात तूट निघते. कंपनीत लेखापाल असलेल्या तरुणावर अफरातफरीचा गुन्हा नोंदविला जातो. वडिलोपार्जित वाडीतील नारळ पाडले म्हणून भाऊच भावाविरुद्ध चोरीची फिर्याद करतो. या प्रकरणांत कोणाचे रक्त सांडलेले नसते. परंतु घराची अब्रू, मुलीचे जमू घातलेले लग्न, म्हाताऱ्या आईची झोप हे सारे एका दिवसात पणाला लागते. मग ती माणसे धर्मगुरूकडे येतात. त्यांना कायद्याचा सल्ला नको असतो. तो वकील देतोच. त्यांचे प्रश्न निराळे असतात. मुलाने घरी चूक कबूल केली आहे, मग त्याला वकील देणे हे पापाला साथ देणे नव्हे काय? न्यायाधीशांनी विचारल्यावर त्याने 'गुन्हा नाकबूल' म्हणावे काय? आणि तो सुटलाच, तर देवापुढेही सुटला काय?

या तीन प्रश्नांचा आम्ही येथे विचार करू इच्छितो.

आळ आणि अपराध

आळ म्हणजे अपराध नव्हे, हे आपण सारे जाणतो, पण शेजाऱ्यावर आळ आला की सोयिस्करपणे विसरतो. पवित्र शास्त्र मात्र विसरत नाही. उत्पत्तीच्या ४४व्या अध्यायातील कथा आठवावी. योसेफाचा चांदीचा प्याला चोरीस जातो, कारभारी पाठलाग करतो, गोण्या उघडल्या जातात आणि प्याला धाकट्या बन्यामीनच्या गोणीत सापडतो. मुद्देमाल आरोपीच्या ताब्यात, तोही चोरीनंतर लगेच! आपल्या पुराव्याच्या कायद्यातही असा माल बाळगणाऱ्यास त्याचा खुलासा देता आला नाही, तर तो चोर आहे किंवा त्याने चोरीचा माल जाणूनबुजून घेतला आहे, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. बन्यामीनपाशी कोणताच खुलासा नव्हता. तरीही तो निर्दोष होता. प्याला योसेफाच्याच हुकमाने त्याच्या गोणीत ठेवला गेला होता.

या कथेत आम्हांस अधिक विचार करावयास लावतो तो यहूदा. खरे काय ते त्यालाही ठाऊक नव्हते. भावाने चोरी केली असेलही, असे त्याला वाटले असणार. तरीसुद्धा तो पुढे झाला, बापाचे दुःख त्याने अधिकाऱ्यापुढे मांडले आणि धाकट्याच्या जागी स्वतः गुलाम होण्याची तयारी दर्शविली. भाऊ निर्दोष आहे अशी खात्री झाल्यावरच तोंड उघडीन, असे तो म्हणाला नाही.

उलट, ज्यांच्या बाजूने कोणीच उभे राहिले नाही त्यांचे काय झाले, तेही शास्त्र सांगते. नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर अहाब राजाचा डोळा होता. ईजबेलीने दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाला दगडमार झाला आणि मळा राजाच्या ताब्यात गेला. सुसान्नावरही दोन वडिलांनी आळ घेतला होता आणि शिक्षा जवळजवळ झालीच होती. परंतु तरुण दानिएलाने त्या दोघांना वेगवेगळे करून विचारले, ती घटना कोणत्या झाडाखाली घडली? दोघांनी दोन झाडे सांगितली आणि खोटेपणा उघडा पडला. उलटतपासणी म्हणजे सत्य झाकण्याची कला, असा जो समज आहे तो किती एकांगी आहे, हे या कथेवरून कळावे. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये म्हणूनच उलटतपासणी असते.

ख्रिस्तसभेची शिकवण आणि देशाचा कायदा

गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, हे तत्त्व आधुनिक पाश्चात्त्य कायद्याने शोधून काढले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात १३१३ साली दिवंगत झालेल्या कार्डिनल जाँ लमॉयन या फ्रेंच धर्मशास्त्रज्ञाने ते ख्रिस्तसभेच्या कायद्यावरील भाष्यात स्पष्टपणे मांडले. त्याचे कारणही त्याने एदेन बागेत शोधले. आदामाने काय केले ते सर्वज्ञ परमेश्वराला ठाऊक होते. तरीही त्याने आदामाला हाक मारली, विचारले, त्याचे म्हणणे ऐकले आणि मगच निवाडा दिला. देवाने स्वतः जे टाळले नाही, ते मनुष्य न्यायाधीशाने कसे टाळावे? शतकानुशतके आधी नीकदेमाने परूशांपुढे हाच मुद्दा काढला होता: माणसाचे ऐकून घेतल्याविना आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय? त्यावर त्याला टोमणाच मिळाला.

ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेत कलम १४८१ सांगते की, फौजदारी स्वरूपाच्या खटल्यात आरोपीला वकील असलाच पाहिजे. त्याने नेमला नाही, तर न्यायाधीशाने द्यावा. कलम १७२८ म्हणते की, आरोपी अपराध कबूल करण्यास बांधलेला नाही आणि त्याला शपथही घालता येत नाही. २०२१ साली सुधारलेल्या कलम १३२१मध्ये निर्दोषत्वाचे तत्त्व शब्दशः समाविष्ट झाले आहे.

भारतीय संविधानही याच वाटेने जाते. अनुच्छेद २०(३)नुसार कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद २२ अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क देतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२पासून आहे आणि १ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावरही तो टिकून आहे. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे आरोपी दोषी आहे की नाही याविषयी वकिलाचे खाजगी मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव वकील संघटनांनी केले, तेव्हा असे ठराव बेकायदेशीर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ठणकावून सांगितले.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. आरोपीला वकील देणे म्हणजे चोरीला साथ देणे नव्हे. वैद्य रोग्याला औषध देतो तेव्हा तो रोगाची बाजू घेत नाही. अपराध खरा असला, तरी तो किती, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या हेतूने झाला हे न्यायालयासमोर कोणीतरी मांडावे लागते. भावाच्या वाडीतले नारळ 'हे माझ्या वाट्याचे' अशा प्रामाणिक समजुतीने ज्याने पाडले, तो कायद्याच्या दृष्टीने चोरच नव्हे, कारण चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. हे त्या बिचाऱ्याला स्वतःहून कसे सांगता यावे?

'नाकबूल' हे असत्य आहे काय?

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. सातव्या आज्ञेचा भंग झालाच आहे. तो झाकण्यासाठी आठवीचाही भंग करावा काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची चर्चा कठोरपणे केली आहे. अधिकारी न्यायाधीशाने कायद्याच्या रीतीने विचारले असता आरोपीने सत्य सांगावे, असे ते म्हणतात. रीत सोडून विचारले, तर त्याने गप्प राहावे, पण खोटे बोलू नये. सत्य न सांगणे एक आणि असत्य सांगणे दुसरे, हा भेद ते काटेकोरपणे पाळतात. अन्याय्य बाजू जाणूनबुजून लढविणारा वकील पाप करतो आणि त्याने प्रतिपक्षाची हानी भरून दिली पाहिजे, असेही ते बजावतात.

मग आजच्या वकिलाने काय करावे? येथे काळाचा फरक ध्यानी घेतला पाहिजे. संत थॉमस यांच्या काळी न्यायाधीश आरोपीला शपथेवर सत्य विचारू शके. आजच्या कायद्याने न्यायाधीशाचा तो अधिकारच काढून घेतला आहे आणि सिद्ध करण्याचे ओझे सर्वस्वी सरकार पक्षावर टाकले आहे. म्हणूनच पुढील नीतिशास्त्रज्ञांनी दिवाणी दावा आणि फौजदारी खटला यांत भेद केला. दिवाणी दाव्यात दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून मागणे हा अन्यायच. फौजदारी बचावात मात्र आरोपी दुसऱ्याचे काही मागत नाही. पुराव्यावाचून मला शिक्षा करू नका, एवढेच तो म्हणतो. आणि हा त्याचा खरा हक्क आहे.

आपल्या फौजदारी प्रक्रियेतील शब्दयोजनाही पाहण्याजोगी आहे. चोरी, अफरातफर यांसारख्या खटल्यांत दोषारोप वाचून दाखविल्यावर आरोपीला विचारतात ते असे, की तो गुन्हा कबूल करतो, की खटला चालविण्याची मागणी करतो? 'हे तू केलेस की नाही?' असा प्रश्न तेथे नसतो. म्हणून 'नाकबूल' या शब्दाचा न्यायालयातील अर्थ 'सिद्ध करा' एवढाच आहे. तो तेथील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याने कोणीही फसत नाही. आमच्या मते हे असत्य नव्हे.

परंतु येथेच कुंपण संपते. त्या शब्दापलीकडे जाऊन खोटा साक्षीदार उभा करणे, जुन्या तारखेची पावती बनविणे, वही जाळणे, फिर्यादीला धमकावणे ही सारी पापे आहेत आणि ती करविणाऱ्या वकिलाच्या माथीही ती बसतात. जबाब शपथेवर नसतो आणि त्यातील खोट्या उत्तराबद्दल आरोपीला शिक्षा होत नाही, हे खरे. कायदा येथे डोळेझाक करतो. सदसद्विवेकबुद्धीने ती करू नये. मौन हा हक्क आहे, असत्य हा हक्क नव्हे.

आणखी एक सीमा तर कोणत्याही परिस्थितीत ओलांडता येणार नाही. समजा, तिजोरीतील रक्कम लेखापालाने घेतली आणि संशय शिपायावर गेला. लेखापालाच्या बचावासाठी त्या गरिबाकडे बोट दाखविणे म्हणजे पुन्हा नाबोथाचाच मळा लुटणे होय. शिपायाला आपल्यामुळे शिक्षा होत असेल, तर खऱ्या अपराध्याचे मौनही तेथे संपते. त्याने पुढे येऊन सत्य सांगितले पाहिजे, मग त्याची किंमत काहीही पडो. आपली सुटका निर्दोष माणसाच्या पाठीवर पाय ठेवून मिळविण्याचा हक्क कोणालाही नाही.

सुटका आणि मुक्ती

तिसऱ्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी एका वकिलाची हकिगत सांगतो. दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी वकिली करीत असताना त्यांचे अशील आणि सहकारी पारशी रुस्तमजी जकात चुकविल्याच्या प्रकरणात सापडले. ही हकिगत गांधीजींच्या आत्मकथेत आहे. रुस्तमजी तुरुंगाच्या भीतीने गांधीजींकडे धावले. लाज तुरुंगात जाण्याची नसून अपराध करण्याची आहे, असे गांधीजींनी त्यांना समजाविले. कबूल करून दंड भरण्याची तयारी दाखवा, असा सल्ला दिला आणि स्वतः अधिकाऱ्यांना भेटून रदबदली केली. जेवढी जकात चुकविल्याचे रुस्तमजींनी मान्य केले, तिच्या दुप्पट रक्कम भरून प्रकरण मिटले. रुस्तमजींनी ती सारी हकिगत लिहून, चौकटीत बसवून आपल्या कचेरीत लावली. वारसांना आणि व्यापारी मित्रांना कायमची आठवण राहावी म्हणून! हाही बचावच होता. आमच्या मते बचावाचा उत्तम प्रकार.

आता प्रश्न. न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले, तर देवापुढे सुटका झाली काय? नाही. न्यायालय फक्त एवढेच म्हणते की, गुन्हा सिद्ध झाला नाही. घेतलेला पैसा ज्याचा होता त्याचाच राहतो. चोरीच्या मालाची भरपाई हे न्यायाचे ऋण आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. जक्कयावर कोणताही खटला चालला नव्हता. तरी प्रभू घरी येताच त्याने चौपट परत करण्याचा शब्द दिला. प्रायश्चित्त संस्कारात आम्ही पापक्षमा देतो ती परतफेडीच्या प्रामाणिक इराद्यासह. शेजाऱ्याचे पैसे खिशात ठेवून घेतलेली पापक्षमा ही स्वतःचीच फसवणूक होय.

येथे पतपेढीतील ती विधवा आम्हांस आठविते, जिने नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे तेथे ठेवले होते. आरोपीच्या हक्कांविषयी आपण इतके बोलतो. तिचा कैवार कोणी घ्यावा? ही तक्रार रास्त आहे. परंतु कारकून तीन वर्षे तुरुंगात बसल्याने तिचे पैसे परत येत नाहीत. तिला न्याय मिळतो तो परतफेडीने आणि तीही खऱ्या अपराध्याकडून. म्हणून आरोपीचा योग्य बचाव आणि फसलेल्याची भरपाई ही एकमेकांची वैरी नाहीत.

आनंदाची गोष्ट अशी की, कायदाही हळूहळू या दिशेने झुकतो आहे. १९५८च्या अपराधी परिवीक्षा कायद्याने पहिल्यांदाच चोरी किंवा फसवणूक करणाऱ्यास न्यायालय योग्य वाटल्यास समज देऊन सोडू शकते. चोरीचे काही गुन्हे उभयपक्षी संमतीने मिटविता येतात. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या पुष्कळशा गुन्ह्यांत आरोपीला कबुली देऊन, फिर्यादीला भरपाई देऊन सौम्य शिक्षेची वाटाघाट करण्याची सोय २००६पासून आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३नुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी प्रथमच करणाऱ्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. वाटेत असतानाच वाद्याशी समेट कर, या प्रभूच्या उपदेशाला कायद्याने जणू दार उघडून दिले आहे. मात्र कुटुंबांनी हे पाऊल वकिलाच्या सल्ल्याने टाकावे. घाबरून, चोरून दिलेल्या पैशांतून नव्याच गुंतागुंती निर्माण होतात.

गरिबाचा वकील

वर सांगितलेले हक्क कागदावर सर्वांना सारखेच आहेत. परंतु त्यांची चावी बहुधा पैशांत असते. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला. त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला गेला होता; भाऊ उभा राहिला, तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात उघड झाले की, बिहारच्या तुरुंगांत कित्येक कच्चे कैदी त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खितपत पडले होते, खटला सुरू न होताच! २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसारही भारताच्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदीच होते.

म्हणून आमच्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. नव्या प्रक्रिया संहितेप्रमाणे, काही अपवाद सोडता, ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही असा कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, की त्याला सोडण्याची तरतूद आहे. सोनसाखळीचा आळ आलेल्या त्या घरकाम करणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी, विशेषतः वकिली करणाऱ्यांनी, हे काम आपले मानावे.

त्यांच्यापुढे संत इव्ह यांचा आदर्श आहे. १२५३ साली फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात जन्मलेले हे संत वकील होते, धर्मन्यायाधीश होते आणि धर्मगुरूही होते. गरिबांची वकीलपत्रे ते मोफत घेत. वकील असून चोर नव्हता, याचे लोकांना नवल वाटे, असे त्यांच्याविषयी गमतीने म्हटले जाई. १३४७ साली त्यांना संतपद मिळाले. १९ मे हा त्यांचा सण वकिलांनी आवर्जून पाळावा.

कैवारी आणि दोष देणारा

शेवटी आपल्या सर्वांच्या अंगणातील गोष्ट. मराठी बायबलमध्ये प्रभू येशू पवित्र आत्म्याला 'कैवारी' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे, बाजू घेण्यासाठी जवळ बोलाविलेला. उलट, 'सैतान' या हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक. प्रकटीकरणाच्या पुस्तकात तो बंधूंवर रात्रंदिवस दोषारोप करणारा म्हणून दिसतो. न्यायालयात तारीख पडण्यापूर्वीच मिस्सानंतरच्या गप्पांत, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात आपण जेव्हा एखाद्या घराचा निकाल लावून टाकतो, तेव्हा या दोहोंपैकी कोणाचे काम आपण करीत असतो, याचा प्रत्येकाने विचार करावा. आरोपीची मुले त्याच धर्मशिक्षण वर्गात बसतात. त्यांच्यावर तर कोणताच दोषारोप नसतो.

कालवारी टेकडीवर प्रभू येशूच्या शेजारी एक चोर होता. त्याने स्वतःचा अपराध स्पष्ट शब्दांत मान्य केला आणि त्याच श्वासात शेजारच्या निर्दोषाची बाजू मांडली. त्या दिवशी शिष्य गप्प होते, पिलाताने हात धुतले होते. प्रभूचा कैवार घेणारा शब्द निघाला तो एका चोराच्या तोंडून. त्याला स्वर्गलोकाचे वचन मिळाले.

ख्रिस्तसभेच्या कायद्यात कलम १७२५ असे आहे की, खटल्याच्या चर्चेत शेवटचे बोलण्याचा हक्क नेहमी आरोपीचा असतो. धर्मग्राम म्हणूनही आपण तो त्याला द्यावा. तो काय बोलेल ते आपल्या हाती नाही. परंतु आपण त्याचे तोंड आधीच बंद केले नसेल, तर कदाचित तो त्या चोरासारखे खरे बोलेल.